मोठा है तो बेहतर है?

डेट्रॉइटच्या माझ्या दादाकडे १९६९ची शेव्हरले कमारो आहे. इंजिन व्ही-एट, ३५० घनइंचांचं. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळायला लागलं, तेव्हा दादाला हवा होता मिनिटाला ७५० घनफूट हवा देणारा नवा कार्बोरेटर. 'मोठा म्हणजे पॉवरफुल' हा त्याचा फंडा! मी फोनवरच गणित मांडलं: ५५०० आरपीएमला पोचलं, तरी हे इंजिन फार तर ५५७ घनफूट हवा ओढणार. म्हणजे ६००चा भरपूर झाला. त्याहून मोठ्यात हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत आणि सिग्नल सुटताच गाडी अडखळते. उन्हाळ्यात वहिनी हीच कमारो घेऊन ऑफिसला जाते. मागून ट्रक येतोय आणि गाडी चौकात बंद! कूल वाटेल तुम्हाला? दादाने ६००चाच घेतला.