झीज

मोटार विकत घेताना मनुष्य तिचे बाह्यांग पाहतो. संसार करावयाचा तो मात्र अंतरंगाशी. रंग आणि आकार यांचे सुख रस्त्यावरील लोकांना. धन्याच्या वाट्यास येतात ती आसने, कळा, कप्पे व डोक्यावरचे छत. असे असता वॉरंटी नामक करारलेखात सारे औदार्य एंजिनाविषयी दाखविलेले असते, आणि या अंतरंगाचा उल्लेख येतो तो बहुधा अपवादांच्या यादीत.

आमच्या मोटारीच्या छताचे अस्तर मुदत संपावयास अवधी असतानाच सुटले. प्रथम मागील काचेपाशी लहानसा फुगा दिसला. वैशाख सरता सरता तो पुढे सरकला, आणि पावसाळ्यात ते कापड मागे बसणारांच्या केसांवर मांडवाच्या झालरीसारखे लोंबू लागले. आरशातून मागचा रस्ता दिसेनासा झाला, तेव्हा मात्र ही केवळ शोभेची बाब राहिली नाही.

या अस्तराची रचना साधी असते. वर कठीण पुठ्ठ्यासारखा साचा, खाली कापड, व मध्ये पॉलियुरेथेन फोमचा पातळ थर. उष्णतेने व दमटपणाने हा फोम जीर्ण होऊन त्याचा भुगा होतो. मग गोंद कितीही चांगला असो, त्याने धरावयाचे ते उरतच नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे छत तापते, हे सांगावयास तज्ज्ञ नको. तेथे असा पदार्थ योजणाऱ्याला बोल लावावयाचा, की तो इमानाने चिकटविणाऱ्या कामगाराला?

अधिकृत दुरुस्तीगृहातील तरुण गृहस्थ सौजन्याने बोलले. वॉरंटी 'साहित्य व कारागिरी' यांतील दोषांपुरती असून हा प्रकार 'नैसर्गिक झीज' या सदरात मोडतो, असे त्यांनी सांगितले. शब्दांची फोड करण्यात आमचे आयुष्य गेले. उंबरा झिजतो, सहाण झिजते, वहाणेचा तळ झिजतो. ज्या कापडाला कोणाचे बोटही लागले नाही, ते झिजले कशाने? न्यायशास्त्रात यास अतिव्याप्ती म्हणतात; दुकानदारीत छापील नियम म्हणतात. "सर, या मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांना असं होतं," असे ते शेवटी म्हणाले. आमची बाजू इतक्या थोडक्यात आम्हांसही मांडता आली नसती!

कायदा अगदीच मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याने रचनेतील दोषाबद्दलही निर्मात्यास जबाबदार धरले आहे. परंतु त्या प्रकरणातील 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द सदोष वस्तूची हानी वगळली आहे. अस्तर आड येऊन अपघात घडला, तर ते दार उघडते. नुसते लोंबले, तर नाही. उरते ती सदोष मालाची साधी तक्रार. ती कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जिल्हा आयोगापुढे करावी लागते.

तोपर्यंत डोक्यावर झालर घेऊन हिंडणे शक्य नव्हते. छायाचित्रे काढून ठेवली आणि मोटारीची आसने शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने साचा खाली उतरविला, पिवळा भुगा ब्रशाने झाडला आणि नवे अस्तर बसविले. "चिकटवायला काय, तासभर लागतो, भुगा काढण्यातच अर्धा दिवस जातो," असे तो म्हणाला. पावती मागताच त्यास नवल वाटले. एका जुन्या वहीचे पान फाडून त्यावर त्याने रक्कम, तारीख आणि 'फोम खराब' एवढे लिहून दिले. तक्रारअर्जास तेच जोडले आहे.