खाडीपलीकडील सूर

मुंबईची आगगाडी मानखुर्द सोडून खाडीच्या पुलावर आली, कीं चाकांचा आवाज एकदम पालटतो. खालीं पाणी, दोहों बाजूंस तिवरांची हिरवी दाटी, आणि ऋतु अनुकूल असल्यास चिखलांत चोंच घालून उभे असलेले गुलाबी रोहित पक्षी! हें दृश्य डोळ्यांत भरतें न भरतें तोंच वाशीचें स्टेशन येतें. खाडीवरील मोटारींचा पहिला पूल १९७३ सालीं झाला. आगगाडी यावयास मात्र १९९२ साल उजाडलें.

नवी मुंबई हें आधीं कागदावर आखलेलें व मग जमिनीवर उतरलेलें शहर आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं १९६५ च्या सुमारास ही कल्पना मांडली, आणि १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें ती प्रत्यक्षांत आणली. येथील नव्या वसाहतींत कोणी सांगलीचा, कोणी रत्नागिरीचा, तर कोणी केरळांतला. घरांत आजोबा असले तरी त्यांचें गांव निराळें. अशा ठिकाणीं रस्ते व बागा आखून देतां येतात. परंतु एका पिढीनें दुसरीस मुखानें द्यावयाची विद्या कशी आखून द्यावी? अर्थात् येथील मूळच्या आगरी-कोळी गांवांना हा प्रश्न नवा नाहीं. त्यांच्या लग्नांत धवलारीण धवले गाते, आणि ते तिनें वडील बायांच्या तोंडून ऐकूनच उचललेले असतात. प्रश्न आहे तो बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांचा.

हा प्रश्न मजसमोर उभा राहिला तो नेरूळास, आमच्या वहिनींच्या घरीं. त्यांचा सोळा वर्षांचा नातू दोन वर्षें माऊथ ऑर्गन वाजवीत आहे. आणि तोहि सिनेमांतील चाली नव्हेत, तर अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें ‘ब्लूज’ नांवाचें संगीत! मोठमोठ्या वादकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्यांच्या जागा हुबेहूब उचलतो. पण त्यांच्या वाद्यांतला भरदार, ओलसर आवाज त्याच्या वाद्यांतून निघत नाहीं. “गुरु नाहीं, तर सोडूनच देतों,” असें तो म्हणूं लागला होता. त्याच्या वडिलांनाहि ही अडगळ गेल्यास हवीच होती. मीं वहिनींना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “भावजी, हा वाजवतो पुष्कळ, पण लावीत कांहीं नाहीं.”

वहिनींनीं ब्लूज कधीं ऐकलें नव्हतें. तरीहि त्यांनीं रोगाचें निदान अचूक केलें होतें.

हें वाद्य आपल्या पेटीचेंच धाकटें भावंड. दहा छिद्रें, व प्रत्येकांत दोन पितळी पट्ट्या. एक फुंकल्यानें बोलते, दुसरी श्वास आंत ओढल्यानें. पेटींत वारा भात्याचा असतो, येथें तो वादकाच्या छातींतला. म्हणूनच पेटीस जें साधत नाहीं तें याला साधतें. श्वास ओढतांना जीभ व घसा यांचा आकार पालटला, कीं कांहीं छिद्रांतील सूर घसरत खालीं उतरतो. आपण हिला मींडच म्हणूं. दुसरी गंमत अशी, कीं ब्लूजवाले बहुधा वाद्याच्या मूळ षड्जावर वाजवीतच नाहींत. ते त्याच्या पंचमास षड्ज मानतात. आपल्या मूर्च्छनेचाच हा प्रकार! तसें केल्यानें बिलावलाचे स्वर खमाजाचे होतात व कोमल निषाद आपोआप हातीं येतो. गांधार तर शुद्ध व कोमल यांच्यामध्यें कोठें तरी डोलत राहतो. ही जागा बोटानें दाबून मिळत नाहीं, ती कानानें शोधावी लागते.

मग ते वादक कसे शिकले? जेम्स कॉटन (१९३५–२०१७) हा मिसिसिपीकडील शेतमजुरांचा मुलगा. रेडिओवर सनी बॉय विल्यमसनचें वादन ऐकून त्याला वेड लागलें. नऊएक वर्षांचा असतांना तो त्याच्याकडे जाऊन पोंचला व त्याच्याच घरीं राहून शिकला. यास गुरुकुल नाहीं तर काय म्हणावें? लिटल वॉल्टरनें (१९३०–१९६८) मायक्रोफोन व वाद्य एकाच ओंजळींत धरून आवाजास नवेंच रूप दिलें. त्याची १९५२ ची ‘ज्यूक’ ही ध्वनिमुद्रिका आजहि विद्यार्थी पुनःपुन्हां ऐकतात. परंतु ओंजळीच्या मागें श्वास भरलेला नसेल, तर यंत्र तरी काय मोठें करणार?

आपल्याकडेहि उदाहरणें आहेत. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनीं पेटी बहुतांशीं स्वतःच्या बुद्धीनें साध्य केली. पण ती गाऊं लागली ती भास्करबुवा बखले यांच्या गाण्याच्या श्रवणानें व सहवासानें. गुरु गवई, शिष्य पेटीवाला. वाद्य एक नसतांहि विद्या पोंचली! पुढें १९४० सालीं याच पेटीस मींड नाहीं म्हणून आकाशवाणीनें दूर सारलें, तें १९७१ पर्यंत. त्या काळांतहि पी. मधुकर यांच्यासारखे वादक झाले, आणि त्यांच्या तालमींत तुळशीदास बोरकर तयार झाले.

या सर्वांवरून मला एवढें वाटतें, कीं ध्वनिमुद्रिका आदर्श दाखविते, पण चूक सांगत नाहीं. ती सांगावयास समोर जिवंत कान लागतो. आणि तो त्याच वाद्याचा जाणकार असलाच पाहिजे, असें नाहीं.

तेव्हां आम्हीं चार दिवस एक बेत केला. सर्व चाली बंद. वहिनींनीं आपलें तंबोऱ्याचें यंत्र मुलाच्या वाद्याच्या पंचमाशीं मिळवून द्यावें, आणि त्यानें दुसऱ्या छिद्रांतून श्वास ओढून तोच एक सूर अर्धा तास लावावा. खांदे सैल, घसा मोकळा, श्वास पोटापासून. वहिनी शेजारीं भाजी निवडीत बसत, व सूर हलला कीं नुसती मान हलवीत. पहिल्या दिवशीं मुलगा कंटाळला, दुसऱ्या दिवशीं चिडला. चौथ्या दिवशीं एक श्वास असा आला, कीं वहिनींचा हात भाजीवरच थांबला. “हं, हा बसला,” त्या म्हणाल्या. पुढचा श्वास पुन्हां पातळच आला. पण काय शोधावयाचें हें आतां त्यास कळलें होतें. वाद्य सोडण्याची गोष्ट मी तेथें असेपर्यंत पुन्हां निघाली नाहीं.

वाचकहो, मुलें आज कोठलें वाद्य घेऊन घरीं येतील याचा नेम नाहीं. त्या विषयाचा गुरु गांवांत मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास निदान घरांतील ज्या वडील माणसानें जन्मभर भजन, आरती, नाटकाचीं पदें ऐकलीं आहेत, त्याला रोज अर्धा तास मुलाजवळ बसवावें. दार लावून एकट्यानें चालविलेल्या अभ्यासांत जें उणें राहतें, तें बहुधा दाराबाहेरच बसलेलें असतें.