बाण दाबला आणि दार फिरलं

दार फिरलं! निळ्या बाणावर मी एकदा क्लिक केलं आणि डावीकडे उघडणारं दार उजवीकडे उघडायला लागलं. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा डावीकडे. ना मिरर कमांड दिली, ना जुनं दार पुसून नवं लावलं. मे महिन्यातली संध्याकाळ. ऊन मावळलं होतं, पण भिंती अजून तापलेल्या. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळच्या आमच्या तीन टेबलांच्या ऑफिसातून घरी जायची वेळ होऊन गेली होती आणि मी पर्स खांद्याला अडकवून, उभ्या उभ्या, एकाच दाराला इकडून तिकडे फिरवत होते. मग पर्स खाली ठेवली. घरी फोन करून सांगितलं, उशीर होईल. आणि दाराच्या दुसऱ्या टोकाचा छोटा त्रिकोण धरून ओढला. दार रुंद झालं! 900 मिमीचं 1000, 1000चं 1100. अधेमधे कुठे थांबत नाही, बरोबर शंभर-शंभरानंच पुढे सरकतं. पल्ला तेवढाच वाढला, उघडण्याचा कंस तेवढाच मोठा झाला, आणि चौकटीची जाडी जशीच्या तशी!

अकरा वर्षं मी ऑटोकॅडवर नकाशे काढते आहे. आयटीआयला आरेखक स्थापत्य हा ट्रेड केला, त्यानंतर दुसरं काम केलेलं नाही. घरं, दुकानांचे गाळे, वर्गखोल्या, 25 चौरस मीटरची घरकुलं. प्रत्येक नकाशातलं प्रत्येक दार मी हातानं लावलं, हातानं फिरवलं, हातानं मापाला आणलं. त्या दिवशी बाहेरगावच्या एका आर्किटेक्टची फाइल आमच्याकडे आली, त्यातल्या दारावर मी सहज क्लिक केलं आणि त्यावर बाण दिसला. माझ्या दारांवर तो कधीच नव्हता.

ज्यांचा कॅडशी संबंध नाही त्यांना आधी ब्लॉक म्हणजे काय ते सांगते. नकाशात काही वस्तू पुन्हा पुन्हा येतात: दार, खिडकी, वॉशबेसिन, पलंग, झाड. ती एकदा काढायची, तिला नाव द्यायचं आणि मग हवी तिथे ठशासारखी उमटवायची. हा झाला साधा ब्लॉक. पण ठसा तो ठसाच. 900चं दार 750चं करायचं तर दुसरा ठसा. उजवं वेगळं, डावं वेगळं, दोन पल्ल्यांचं वेगळं, सरकतं वेगळं. माझ्या फोल्डरमध्ये नुसत्या दारांच्या साठच्या वर फाइली होत्या.

आता पोस्टात किंवा तहसील कार्यालयात बाबूंच्या टेबलावर असतो तो तारखेचा शिक्का आठवा. शिक्का एकच, पण त्याच्या पोटात रबराचे पट्टे असतात. चकती फिरवली की 14चे 15 होतात, मेचा जून होतो. कार्यालयाचं नाव मात्र जागचं हलत नाही. त्या बाणवाल्या दाराला डायनॅमिक ब्लॉक म्हणतात, आणि तो म्हणजे अगदी हेच! काय पक्कं राहील आणि काय फिरू द्यायचं, हे ठसा करणाऱ्यानं आधीच ठरवून त्याच्या पोटात बसवून ठेवलेलं असतं.

त्या रात्री मी त्या दाराचं पोट उघडलं. बीई टाइप केलं, एंटर दिलं, ब्लॉक एडिटर उघडला आणि सगळी यंत्रणा समोर आली. तिच्यात दोनच प्रकारची माणसं कामाला आहेत म्हणा ना. एक पॅरामीटर: काय बदलेल ते तो सांगतो. लांबी, कोन, बाजू, दिसणं-न दिसणं. दुसरी ॲक्शन: कसं बदलेल ते ती सांगते. ओढलं जाईल, फिरेल, उलटेल, रांगेनं वाढत जाईल. पॅरामीटर ठेवला आणि त्याला ॲक्शन जोडायची राहिली, तर शेजारी पिवळं उद्गारचिन्ह उभं राहतं. काम अर्धं राहिलं आहे हे सॉफ्टवेअर स्वतःहून सांगतं!

स्वतःचं दार करायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्या मी कधी विसरणार नाही. चौकट ओढणं सोपं गेलं. पल्ला अडला. नकाशात दाराची रुंदी आडवी असते, पण उघडा पल्ला उभा दाखवतात. मी त्रिकोण आडवा ओढणार आणि पल्ला उभा वाढायला हवा, हे कसं जमायचं? दुसऱ्या संध्याकाळी सापडलं. स्ट्रेच ॲक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये अँगल ऑफसेट नावाची एक ओळ आहे, तिथे 90 लिहायचं. हात आडवा जातो, पल्ला वर जातो. मग राहिला कंस. तो ओढून चालत नाही, त्याला स्केल ॲक्शन लागते, आणि रुंदीच्या पॅरामीटरची सुरुवात बिजागरीवरच करावी लागते, म्हणजे कंस तिथूनच मोठा होतो. माझी सुरुवात चौकटीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर होती, म्हणून कंस दर वेळी पल्ल्याचं टोक सोडून भलतीकडे जात होता. ती जागा बदलली आणि टेस्ट ब्लॉकवर क्लिक केलं. 750, 900, 1000, 1200, प्रत्येक मापाला कंस पल्ल्याच्या टोकाला टेकलेला! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

पुढे तर मला थांबवेना. पोटात वाइपआउटचा तुकडा ठेवला, म्हणजे दार भिंतीवर ठेवलं की भिंतीच्या रेषा तेवढ्याच झाकल्या जातात, आणि दार रुंदावलं की तो तुकडाही रुंदावतो. व्हिजिबिलिटीची यादी केली आणि तिच्यातली नावं मराठीत लिहिली: एक पल्ला, दोन पल्ले, सरकतं. लुकअपचा तक्ता केला: डी निवडलं की 1000, डी 1 निवडलं की 900, संडास-बाथरूमचं डी 2 निवडलं की 750.

चौथ्याच दिवशी एक घरमालक आले. त्यांच्या आईला व्हीलचेअर लागणार होती. सगळ्या खोल्यांची दारं 1000ची करायची. नकाशा माझ्या नव्या दारानं पूर्ण झालेला, खोल्यांची दारं अकरा. पूर्वी यात माझी अख्खी दुपार गेली असती आणि एखादं दार नक्की राहून गेलं असतं. मी अकराही दारं निवडली, प्रॉपर्टीजमध्ये डी निवडलं, एंटर. अकराही दारं त्या माणसाच्या डोळ्यांदेखत रुंद झाली! ते म्हणाले, "ताई, मग बाथरूमचं पण करा नं मोठं." पूर्वी असं कोणी म्हटलं की माझा चेहरा उतरायचा. त्या दिवशी मी आनंदानं ते बारावं दारही केलं. मग डेटा एक्स्ट्रॅक्शननं दारांची यादीच काढून दिली, कोणत्या मापाची किती. सुताराला नेमकं तेच हवं असतं, आणि इतकी वर्षं मी ते शीटवर पेन्सिलीच्या खुणा करत मोजत आले होते.

मग जिना. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या घरात पायरीची रुंदी किमान 250 मिमी आणि उंची जास्तीत जास्त 190 मिमी हवी. मी एकच पायरी काढली, तिला ॲरे ॲक्शन लावली आणि माप 250नंच वाढेल असं बांधून टाकलं. आता त्रिकोण ओढला की पायऱ्या एकामागून एक उगवत जातात, आठ, नऊ, दहा, आणि कोणाकडूनही 230ची पायरी चुकूनही पडू शकत नाही. नियम ठशातच शिरला! मला सगळ्यात जास्त भावलं ते हेच. माप लक्षात ठेवायचा भार डोक्यावरून उतरून वस्तूच्या पोटात गेला. त्यानंतर कवेलूची, म्हणजे कौलांची, छपरी केली. सेक्शनमध्ये एक कवेलू काढायचं आणि उतारावर ओढत न्यायचं, ओळी आपोआप भरतात. आमच्याकडच्या गावांतली जुनी घरं मोजून काढायची असली की कवेलू काढण्यातच जीव जायचा.

डायनॅमिक ब्लॉकची ही सोय ऑटोकॅडमध्ये 2006च्या आवृत्तीपासून आहे, ती आवृत्ती आली 2005 साली. मी आयटीआयचा फॉर्म भरला त्याच्याही आधीपासून ती तिथेच होती. आणि मुळातली कल्पना तर 1963ची! अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ ओढायची, एक मूळ आकृती करायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती ठेवायच्या. मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ब्लॉक एडिटरमध्ये मी चौकट जाड करते, सेव्ह करते आणि त्या नकाशातली सगळी दारं बदलतात, ते त्याच कल्पनेचं फळ आहे.

आमच्या ऑफिसात एक काका आहेत, ट्रेसिंग पेपर आणि रोटरिंग पेनच्या काळातले. त्यांना मी दार फिरवून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, आमच्या वक्ताले हिरवी टेम्प्लेट होती. त्यातलं दार एकाच मापाचं. दुसऱ्या मापाचं पाहिजे तर हातानंच काढा लागे. आता मले बी शिकव." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची खिडकी केली. छज्जा आत-बाहेर सरकतो अशी!

पण खरी मजा मी ते दार दुसऱ्याला दिलं तेव्हा कळली. आयटीआयमधली माझ्या मागच्या बॅचची एक मैत्रीण देवळीला काम करते. तिला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली. पाच मिनिटांत तिचा फोन: दार दिसतच नाही! ती मंजुरीचे नकाशे मीटरमध्ये काढते, माझं दार मिलिमीटरमधलं आणि फाइलला युनिटच दिलेलं नव्हतं. तिच्या नकाशात दार हजारपट मोठं होऊन पडद्याबाहेर गेलं होतं. त्या एका फोननं मला शिकवलं की द्यायचा ब्लॉक आणि आपल्यापुरता ब्लॉक यात फरक असतो. द्यायच्या ब्लॉकला इन्सर्शन युनिट लावायचं, म्हणजे मीटरच्या नकाशात तो आपोआप बरोबर मापाचा होतो. सगळं झिरो लेअरवर काढायचं, म्हणजे घेणाऱ्याच्या लेअरचा रंग तो घेतो. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे त्यांच्यासाठी जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचं. पर्ज करून कचरा काढायचा. आणि अलाऊ एक्स्प्लोडिंगला नो करायचं, कारण कोणी एक्स्प्लोड केलं की दाराच्या नुसत्या रेघा उरतात, त्यातलं सगळं शहाणपण जातं.

दुरुस्त केलेलं दार पुन्हा पाठवलं. आठवड्यानं तिच्याकडून ते परत आलं, आणि यादीत एक नवं नाव होतं: जाळीचा पल्ला! आमच्याकडे डासांमुळे लाकडी दारापुढे जाळीचं दार लावतातच, आणि मला ते सुचलं नव्हतं. पुढे ते हिंगणघाटच्या एकाकडे गेलं, तो दुकानांची कामं करतो. त्यानं शटर घातलं. माझं दार माझ्यापेक्षा मोठं होऊन घरी आलं!

यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, 1976 साली देवेंद्रकुमारांनी सुरू केलेलं. त्या केंद्रानं शंकूच्या आकाराच्या कौलांचं छप्पर विकसित केलं. कुंभारानं चाकावर ग्लासासारखी कौलं करायची, ती एकात एक अडकवत कमान उभी करायची आणि कमानीला कमान लावत छत पुरं करायचं. मोठं लाकूड लागत नाही, लोखंड लागत नाही. खोली रुंद असली तर कौलं जास्त, अरुंद असली तर कमी. कौल तेच! मी ते विद्यार्थिनी असताना ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ आता लागला. वस्तू एकच करा, नीट करा, ती हव्या त्या मापाच्या घराला लागू पडू द्या, आणि ती कशी करायची ते दुसऱ्याला शिकवा. माझं दार पडद्यावरचं आहे, त्यांचं कौल मातीचं, पण मला दोन्ही एकाच गावची वाटतात.

वर्धा, पुलगाव, आर्वी, सेलू, समुद्रपूर, कुठेही तुम्ही नकाशे काढत असाल आणि आजही दार कॉपी करून मिरर करत असाल, तर आज एकच करा. एखादा ब्लॉक निवडा, बीई टाइप करा, त्याला एक फ्लिप पॅरामीटर आणि एक फ्लिप ॲक्शन लावा. दहा मिनिटं लागतील. आणि तयार दार हवं असेल तर माझ्याकडून घ्या. पैसे नकोत. फक्त त्यात काही नवं घातलंत तर फाइल परत पाठवा. दाराच्या यादीत सध्या पाच नावं आहेत, आणि खिडकीला अजून गज नाहीत.