पासिंगपुरते

'पासिंग' हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला, तेव्हा त्याने आपला मूळ अर्थ वेशीबाहेरच ठेवलेला दिसतो. शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ एखाद्याला विचारून पाहा, "गाडी कुठली पासिंग?" गाडी कोणत्या परीक्षेला बसली आणि तिला किती गुण पडले, हे तो सांगणार नाही. "जालना" किंवा "बीड" एवढेच सांगेल. नदी हीच इथे दोन जिल्ह्यांची हद्द आहे; अलीकडे एमएच २१, पलीकडे एमएच २३, आणि बाजाराच्या दिवशी दोन्ही पासिंगच्या मोटारसायकली एकाच लिंबाखाली उभ्या असतात. पासिंग म्हणजे नोंदणी. माणसाला मूळ गाव विचारावे, तसे गाडीचे पासिंग विचारतात.

दुसरे पासिंग आम्हांला वर्गात भेटते. मार्च उजाडला की मागच्या बाकावरून विनंती येते, "सर, पासिंगपुरतं सांगा ना." इथे परीक्षा आहे, पण तिच्याशी तडजोडीची बोलणी आधीच सुरू झालेली आहेत. पन्नास कवितांपैकी कोणत्या चार वाचल्या म्हणजे कवितेशी संबंध न येता कवितेचा पेपर सुटतो, एवढाच प्रश्न असतो. आणि त्याचे उत्तर आम्हां शिक्षकांना, दुर्दैवाने, ठाऊक असते.

जुन्या मोटारसायकलीपाशी हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात. आमचे लक्ष तिकडे गेले ते एका सहकाऱ्यांमुळे. त्यांचा मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो. त्याने तिथे जुनी मोटारसायकल घेतली आणि सौदा करण्यापूर्वी घरबसल्या तिच्या सगळ्या वार्षिक तपासण्या वाचून काढल्या: कोणत्या वर्षी मागचा ब्रेक कमी पडला, कोणत्या वर्षी पुढचे टायर झिजलेले आढळले, त्या वेळी गाडी किती मैल चालली होती. ब्रिटनमध्ये ही तपासणी १९६० साली दहा वर्षांहून जुन्या वाहनांसाठी सुरू झाली. १९६७ पासून तीन वर्षे झालेल्या वाहनालाही ती द्यावी लागते, आणि मोटारसायकल तिच्यातून सुटलेली नाही. गाडीचा नंबर टाकला की निकाल कुणालाही पाहता येतो. बहुतेक मोटारसायकली पहिल्याच खेपेला पास होतात. ज्या अडकतात त्या फार करून दिव्यांपाशी अडकतात. मुलाने बाबांना विचारले, "आपल्याकडे जुनी गाडी दरवर्षी कितपत भरवशाने पास होते?" सहकाऱ्यांनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला, कारण महाविद्यालयात जुनी मोटारसायकल टिकवून धरणारे गृहस्थ म्हणून आमचीच ख्याती आहे.

प्रश्न सरळ होता, पण त्याला आमच्याकडे उत्तरच नाही. कारण ती परीक्षाच आपल्याकडे होत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ४१व्या कलमाप्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी एकदा झाली की ती पंधरा वर्षे चालते. पंधरा वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवायची. ती रस्त्यावर चालण्यास योग्य ठरली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते, मग पुन्हा पाच. फिटनेस म्हणून जे काही ठरावीक काळाने होते, ते ट्रकला, टेम्पोला, बसला, रिक्षाला. दुधाचे दोन कॅन, वाढ्यांचा भारा आणि प्रसंगी तीन माणसे वाहून नेणारी मोटारसायकल कायद्याच्या लेखी खासगी वाहन असते, म्हणजे मालक फिरायला निघाले आहेत असे गृहीत धरलेले असते.

आणि जिथे तपासणी आहे तिथे तरी तपासणी म्हणजे काय, हे ठरवायलाही न्यायालयात जावे लागले, हे आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असलेले बरे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यावर २०१६ साली निकाल देताना न्यायालयाने अडीचशे मीटरच्या धावपट्टीवर ब्रेक तपासल्याशिवाय योग्यतेचे प्रमाणपत्र देऊ नये, असे बजावले. गाडी थांबते की नाही, हे पाहण्यासाठी ती आधी पळवली पाहिजे, ही गोष्ट आमच्या गावातल्या बैलबाजारात कुणाला सांगावी लागत नाही. तिथे बैल चालवून पाहिल्याशिवाय कुणी दात मोजत नाही.

मोटारसायकलीला काहीच द्यावे लागत नाही, असे मात्र नाही. तिला धुराचा दाखला लागतो, ज्याला सगळे 'पीयूसी' म्हणतात. बीएस चार आणि त्यापुढच्या गाड्यांना तो वर्षाने, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी. आमची गाडी २००७ सालची असल्यामुळे आम्ही वर्षातून दोनदा परीक्षेला बसतो. चौकशी अंती कळले की ही परीक्षा प्रत्येक गाडी आपापल्या जुन्या अभ्यासक्रमाप्रमाणे देते. सन २०००च्या आधीच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या गाडीला साडेतीन, आणि १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस सहाच्या गाड्यांना अर्धा टक्काच. विद्यापीठात जुन्या पॅटर्नचे विद्यार्थी असतात, त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका निघते, तसेच हे.

या पेपरात जुनी गाडी कितपत भरवशाने पास होते? शंभर सीसीची फोर स्ट्रोक असेल, ऑइल खात नसेल, तर जवळजवळ नेहमीच. नळी सायलेन्सरमध्ये घालतात, आकडा येतो, छायाचित्र निघते. आकडा जास्त आलाच तर कार्बोरेटरचा एअर स्क्रू पाव फेरा फिरवला की मिश्रणातले पेट्रोल कमी होते आणि आकडा उतरतो. थंडीच्या दिवसांत अशी गाडी सकाळी लवकर पेट घेत नाही. मग दाखला खिशात ठेवून तो स्क्रू पूर्ववत फिरवतात. अपेक्षित प्रश्नसंचाची कल्पना शिक्षण खात्याच्या आधी गॅरेजवाल्यांना सुचली असावी, असा आमचा संशय आहे.

आम्ही गाडी घेतली ती २०११ साली. जुन्या गाडीच्या बाजाराची भाषा ज्याने ऐकली नाही, त्याने मराठी गद्याचा एक संपन्न प्रांत पाहिलेला नाही. "सिंगल हँड" म्हणजे एकाच मालकाने वापरलेली. ती नेहमी एखाद्या गुरुजींची किंवा डॉक्टरांची असते. "इंजिनला हात लावलेला नाही" हे कौतुक म्हणून सांगतात, आणि हाफ इंजिन केलेले असेल तर "नुकतंच इंजिन बनवलं" हेही कौतुक म्हणूनच. "कागद क्लिअर" हे सगळ्यांत शेवटी येते, थोडे आवाज उतरवून. कागद म्हणजे आरसी, विमा, कर्जाची नोंद उतरवल्याचा दाखला आणि २९ व ३० नंबरचे सहीचे फॉर्म, ज्यांना बाजारात 'टीटी फॉर्म' म्हणतात. पुष्कळ गाड्या या सह्या घेऊन वर्षानुवर्षे फिरतात आणि नावावर कुणीच करून घेत नाही. मग पंधरावे वर्ष उजाडते. गाडी ठणठणीत असते, पण जिच्या नावावर आहे ती व्यक्ती कधीच निवर्तलेली किंवा पुण्याला स्थायिक झालेली असते. जुन्या गाड्या नूतनीकरणाला नापास होताना आम्ही पाहिल्या त्या बहुतेक अशा. ब्रेकमुळे नापास झालेली एकही आमच्या पाहण्यात नाही.

आमची २०२२ साली झाली. त्या वर्षी १ एप्रिलपासून नूतनीकरणाचे शुल्क तीनशेवरून हजारावर गेले होते, त्यावरून रांगेत बरीच चर्चा चालली होती. चेसिस नंबरचा ठसा द्यावा लागतो. हँडलखाली लोखंडात कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून घासत जायचे. हळूहळू अक्षरे पांढरी उमटतात. शिलालेखाचा ठसा घेणाऱ्या संशोधकांबद्दल आम्ही विद्यार्थिदशेत फार आदराने वाचले होते. पैठण इथून काही फार दूर नाही. सातवाहनांच्या प्रदेशात आपणही एक ठसा घेतला, या विचाराने आम्ही उगाचच सुखावलो. अधिकारी नीट पाहणारे निघाले. त्यांनी आकडे जुळवले, दिवे लावायला सांगितले, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, हॉर्न वाजवायला लावला. गाडी पास झाली. पंधरवड्याच्या आत मागचा दिवा गेला. शेताच्या वाटेवरच्या हादऱ्यांनी बल्बची तार तुटते, हे नित्याचेच. त्यात कुणाचा दोष नाही. पाच वर्षांच्या दाखल्यातले पंधरा दिवस तेवढे दिव्यासह गेले.

पण त्या तपासणीआधी आम्ही गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे, म्हणजे चाचांकडे नेली होती, ते सांगायचे राहिले. "चाचा, गाडी पास होईल ना?" असे आम्ही विचारले. चाचांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचे चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवले, कान जवळ नेला. मग म्हणाले, "सर, पास व्हईल का, ते मागून. कुणापुढं पास करायची, ते आधी सांगा. धुराच्या मशीनपुढं करायची आसंल तर धा मिनिटं. सायबापुढं करायची तर अर्धा दिवस. अन् पोरगं रातचं गेवराईला घेऊन जाणार आसंल, तर गाडी ठिवून जा."

पोरगं म्हणजे आमचा भाचा. कापसाच्या हंगामात तो पलीकडे जिनिंगवर रात्रपाळी करतो. आम्ही गाडी ठेवून आलो. तीन दिवस लागले. कोन सेट बदलला, मागचे लायनर बदलले, चेन सॉकेट बदलले, वायरिंगमधले चार ठिकाणचे चिकटपट्टीचे जोड काढून नवी वायर ओढली. यातले काहीही धुराच्या यंत्राला दिसले नसते. साहेबांना दिवे आणि ब्रेक दिसले असते, कोन सेट दिसला असताच असे नाही. चाचांचे बिल चौदाशे रुपये झाले, तेव्हा सरकारी शुल्कावरचा आमचा राग थोडा निवळला.

आता ज्यामुळे हे सगळे लिहावेसे वाटले, त्याकडे येतो. धुळे–सोलापूर महामार्ग, जुन्या क्रमांकाने २११ आणि आता ५२, शहागडवरून नदी ओलांडतो. ऊसतोडीच्या दिवसांत त्याच्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, कापसाच्या गाड्या असतात, आणि पहाटे दूधवाले असतात. आमच्याकडे दूध घालणारे एक गृहस्थ एका डिसेंबरात पहाटे या रस्त्यावर गेले. मागून आलेल्या वाहनाने धडक दिली. गाडी जुनी होती, आमच्यापेक्षाही जुनी. पण पीयूसी होती, विमा होता, नूतनीकरण झालेले होते. आम्ही सांत्वनाला गेलो, तेव्हा ओसरीवर बसलेली माणसे एकमेकांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होती: कागद सगळे क्लिअर होते, म्हणून बरे. त्यात वावगे काही नव्हते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कागदांनीच बोलायचे असते, आणि मागे राहिलेल्या दोन लेकरांच्या दृष्टीने ते बोलणे लाखमोलाचे होते. फक्त त्यांच्या भावाने मध्येच एकदा विचारले, "मागचा दिवा लागत व्हता का?" कुणी उत्तर दिले नाही. देणार कोण? दिव्याचा चुराच झाला होता, आणि कोणत्याही दाखल्यावर त्या पहाटेचा रकाना नव्हता.

मराठीत 'पास'ला आपण 'उत्तीर्ण' म्हणतो. हा शब्द विद्यार्थ्यांना फोडून दाखवायला आम्हांला आवडते. 'तॄ' म्हणजे तरून जाणे. त्यातूनच तीर, तीर्थ, तारू, अवतार. उत्तीर्ण म्हणजे पाण्यातून पलीकडे पोचलेला. गुणपत्रिकेवर तो शब्द इतक्या वेळा छापला गेला आहे की त्यातले पाणी आटून गेले आहे. चाचांनी मात्र, त्यांच्या नकळत, तो जुन्याच अर्थाने वापरला होता. त्यांच्या तीन परीक्षकांपैकी तिसरा माणूस नव्हताच. रात्र होती आणि पूल होता.

सहकाऱ्यांच्या मुलाला काय कळवावे, हे आम्हांला बराच वेळ सुचले नाही. शेवटी कळवले, की इथे गाडी जवळजवळ नेहमीच पास होते, म्हणून त्यावरून गाडीबद्दल काही समजत नाही. तुझ्याकडे काही गाड्या दरवर्षी नापास होतात, हेच त्या तपासणीच्या भरवशाचे लक्षण समज. त्याने विचारले, मग तुम्ही जुनी गाडी कशावरून घेता? आम्ही लिहिले, मिस्त्री कोण आहे त्यावरून.

आमच्या गाडीची मुदत २०२७ साली पुन्हा भरते. वीस वर्षांवरच्या मोटारसायकलींना ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने दोन हजार शुल्क लावले आहे. भंगारवाला त्याहून थोडेसेच अधिक देऊ करतो, त्यामुळे घरात मतभेद आहेत. भाचा म्हणतो, "मामा, इंजिन चांगलं आहे, राहू द्या." तो आता तिन्हीसांजेला निघताना गाडी आमच्या चुन्याच्या भिंतीकडे पाठ करून उभी करतो, चावी फिरवतो, ब्रेक दाबतो आणि मान वळवून भिंतीवर लाल उजेड पडला का ते पाहतो. मग गाडी चालू करून आणखी एकदा पाहतो. त्या भिंतीवर सायलेन्सरच्या उंचीला एक काळसर डाग पडत चालला आहे. दिवाळीच्या आधी त्याबद्दल घरातून तक्रार होते आणि आम्ही एकदा चुना मारून घेतो.