झोपेत पेटलेली सिगारेट

सिगारेट सोडली की चिडचिड होते, भूक वाढते, कामात लक्ष लागत नाही, एवढं मित्रांनी सांगून ठेवलं होतं. झोपेत काय होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीचे दिवस कसेबसे निघाले. ऑफिसखालच्या टपरीवर जाणं बंद केलं, चहा जागेवरच मागवायला लागलो आणि तल्लफ आली की निकोटिनचं च्युइंगगम तोंडात टाकायचं. ते नेहमीच्या च्युइंगगमसारखं चघळायचं नसतं. तोंडात झणझण होईपर्यंत सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. भराभर चावलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं आणि उचक्या लागतात. हे औषधाच्या दुकानदाराने मला समजावलं, तोपर्यंत एका मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर उचक्या देऊन बसलो होतो.

मग एका रात्री ते स्वप्न पडलं. मी टपरीसमोर उभा आहे. खांबाला दोरीने बांधलेला लायटर अजून हलतोय आणि माझ्या बोटांत अर्धी जळलेली सिगारेट आहे. ती कधी मागितली, कधी पेटवली, काही आठवत नाही. राख लांबत चाललीय आणि मनात एकच विचार: गेलं, सगळं गेलं, आता घरी काय सांगू? दचकून उठलो. घशात धुराची चव होती. बोटं नाकाशी नेली, तर साबणाचा वास. तरी खात्री पटेना, म्हणून अंधारात शर्टाचा खिसा चाचपला. बायको जागी झाली. "एवढ्या रात्री काय शोधतोयस?" मी म्हणालो, "काही नाही." तिला वाटलं, मी लपवलेलं पाकीट शोधतोय.

सकाळी भीती वेगळीच होती. वाटलं, दिवसा निर्धाराच्या गप्पा मारतो, पण आतून मन सिगारेटच मागतंय. सिगारेटच्या पाकिटावर चित्राबरोबर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झालेली ही मोफत मदतसेवा आहे. इतकी पाकिटं फोडली, पण तो नंबर कधी नीट वाचला नव्हता. फोन लावला आणि अडखळत स्वप्न सांगितलं. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "ओढताना बरं वाटलं की भीती वाटली?" मी म्हणालो, "भीती." "मग घाबरू नका. सोडलेल्या माणसालाच ही भीती वाटते." असा विचार मी केलाच नव्हता.

त्यानंतर वाचायला लागलो. पीटर हायेक आणि मायकेल बेल्चर या संशोधकांनी १९९१ साली याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. सिगारेट सोडून एक ते चार आठवडे झालेल्या २९३ जणांना त्यांनी विचारलं, तेव्हा ३३ टक्के लोकांना एकदा तरी असं स्वप्न पडलं होतं. बहुतेकांच्या स्वप्नाची गोष्ट माझीच: आपण ओढतोय हे अचानक लक्षात येतं आणि घबराट, अपराधीपणा दाटून येतो. सिगारेट ओढत असताना ९७ टक्के लोकांना अशी स्वप्नं पडत नव्हती. म्हणजे हेही सोडण्याचंच लक्षण. आणि ज्यांना ही स्वप्नं पडली, त्यांचं सोडणं टिकण्याकडे अधिक कल दिसला. ते वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

असं का होतं, ते समजायला मला जास्त वेळ लागला. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं एक रसायन असतं. ते जिथे चिकटतं, तिथेच निकोटिनही चिकटतं. या जागांना शास्त्रज्ञ 'रिसेप्टर' म्हणतात. मी आपलं 'बसायची जागा' म्हणतो. वर्षानुवर्षं निकोटिन येत राहिलं की मेंदू या जागा वाढवतो. सोडल्यावर त्या रिकाम्या पडतात आणि काही आठवड्यांत हळूहळू कमी होतात. बंद पापण्यांआड डोळे भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात, त्या झोपेतही हेच अ‍ॅसिटिलकोलिन कामाला लागलेलं असतं. निकोटिनची पट्टी रात्रभर लावून झोपलं तरी स्वप्नं फार जिवंत होतात, म्हणून त्रास होत असेल तर झोपताना ती काढायला सांगतात. मी ज्याला मनाचा कमकुवतपणा समजत होतो, त्यात मेंदूच्या रसायनांचाही भाग होता.

स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी उठल्या उठल्या बायकोला सांगितलं, "आत्ता स्वप्नात ओढली." ती म्हणाली, "पाणी पी आणि झोप." झोप लागली.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी सिगारेट सोडत असेल, तर या स्वप्नाबद्दल आधीच बोलून ठेवा. खरा धोका स्वप्नात नसतो. तो सकाळी 'आता ओढलीच आहे, तर आणखी एक' असं वाटण्यात असतो. तुम्ही ओढलेली नाही. टपरीकडे पाय वळायच्या आधी कुणाला तरी सांगा. घरी सांगायचं धाडस होत नसेल, तर तो पाकिटावरचा नंबर लावा.