इमोलाची भिंत

बोलोन्याहून ट्रेनने अर्धा तास, की इमोला. सॅन्टेर्नो नदी ओलांडली की थेट रेस ट्रॅक. ताम्बुरेल्लो वळणाशी, पार्कात, मला भेटला मान खाली घालून बसलेला ब्राँझचा आयर्टन सेन्ना. जाळीवर झेंडे, चिठ्ठ्या. १ मे १९९४ ला तो इथल्याच भिंतीवर आदळला. भिंत मागे न्यायची, तर मागे नदी! शेवटी १९९५ मध्ये वळणच बदललं, वेग उतरवला.

आदल्याच दिवशी, पुढच्याच वळणावर रोलंड रात्झेनबर्गर गेला. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीची असलेली, हेल्मेट खांद्यांवरच्या कॉलरला बांधून ठेवणारी ‘हान्स’ नेमकी हीच इजा टाळायला आहे. सेन्नासाठी फुलं न्याच. एक रोलंडसाठीही ठेवा.