फक्त बॅटरी बदलली होती

गिटार विकायच्या जाहिरातीत आधी लिहिलं, ‘फारशी वापरलेली नाही’. मग खोडलं. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी चर पाडलेत, कोण विश्वास ठेवणार?

घ्यायला आलेला मुलगा कॉलेजातला, सोबत आई. सेमी-अकूस्टिक, ७,५०० फायनल. पैसे मोजून झाले तरी माझी टकळी सुरूच. ‘वाजवून झालं की केबल काढून ठेव हं. खुपसलेली राहिली तर आतला प्रीअँप चालू राहतो, ९ व्होल्टची बॅटरी उतरते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा जरा वर आल्यासारख्या वाटतील. घाबरू नकोस.’ (मुलगी सासरी पाठवताना असंच बोलत असतील.)

‘एवढी जपलीत, मग विकताय का?’ काकूंनी विचारलंच.

‘नव्या फ्लॅटचं डिपॉझिट,’ मी म्हटलं. खरंच होतं ते. पण गेल्या दोन वर्षांत मी तिची फक्त बॅटरी बदलली होती, वाजवली एकदाही नव्हती, हे काही सांगवलं नाही.

काकू चपला घालत होत्या तेवढ्यात त्यानं जिन्यातच कव्हर उघडून एफ कॉर्ड धरला. पहिली तार दबलीच नाही, नुसतं ‘खट्ट’ झालं. माझीही सहा महिने दबत नव्हती.

त्यानं परत धरला. मी दार उघडंच ठेवलं.